गयाबाईच्या रानातली तिसरी इर्जिक

आक्का, परवा दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. लाईटचं मीटर बघायला आला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात मशीन. आणि माझ्या तोंडातून काय निघालं सांगू? "कोण? कुठला? कशाला आला?" तिन्ही प्रश्न तुमच्याच ओळीनं, तुमच्याच सुरात. तो बिचारा गोंधळला. सून आतून हसत बाहेर आली, म्हणाली, "आत्या, मोठ्या आत्या गेल्या असं वाटतच न्हाई बघा." मीही हसले. मग आत गेले, मांडणीपाशी बसले, आणि लई वेळ मला उठताच आलं नाही.

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तेरावा झाला, पाहुणे गेले, मांडव सुटला. तेराव्याला चार माणसं बोलली. थोर माणसाची थोरली सून, भरल्या घरातून गेल्या, नव्वदी बघितली, कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. सगळं खरंच होतं, त्यात खोटं काही नव्हतं. पण जे तुम्हाला बोलायचं होतं ते कुणीच बोललं नाही. ज्यांना माहीत नाही ते काय बोलणार. मला माहीत होतं, आणि मी पंगतीत पाणी वाढत फिरत होते.

म्हणून ही वही घेतली. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, पोरांच्या पाट्यांवरून चोरून शिकलेलं. तुम्ही म्हणायच्या, "कौसे, तुजं अक्षर म्हंजे कोंबडी चिखलातून गेल्यावानी." असू द्या. कोंबडी का होईना, चालली तर आहे.

मी ह्या घरात आले तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि तुमचा मला लई राग यायचा. धाकट्या जावेला थोरलीचा राग यायचाच, पण माझा राग निराळा होता. दारात भुकेला माणूस आला, तर तुम्ही आधी त्याची चौकशी लावायच्या. नाव सांग, गाव सांग, कुणाकडं आलास ते सांग. मग भाकरी. भाकरी मात्र अशी द्यायच्या की दोन वेळचं भागावं. मला वाटायचं, द्यायचीच आहे तर एवढं कशाला विचारायचं? माझ्या माहेरी असं कुणी विचारत नसे. एकदा मी तोंडावर बोलले, "आक्का, देवळातला देव बी एवढं इचारत न्हाई." तुम्ही परातीतलं पीठ मळत होत्या. हात थांबला. म्हणालात, "देवाचं काय जातंय." एवढंच. मला वाटलं, तुम्ही चिडलात. पन्नास वर्षं मला तसंच वाटत राहिलं.

खरं कारण तुम्ही सांगितलंत ते शाळेपुढं दगड बसवायचं ठरलं तेव्हा. आठ वर्षं झाली त्याला. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या, निजामाच्या राजात गावातले कोण कोण जेलात गेलते त्यांची नावं लिहून न्यायला. आपण तुरीची डाळ निवडत बसलो होतो. मामंजींचं नाव आधी झालं, मग बाकीच्या आठ जणांची. बाई गेल्या. तुम्ही सुपातली डाळ तशीच ठेवलीत आणि म्हणालात, "कौसे, ह्यात एक नाव न्हाई. आन ते माज्यामुळं न्हाई."

त्या दुपारी तुम्ही जे सांगितलंत ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते. चुकलं तर ऐकणाऱ्याची चूक समजा.

मामंजी संघाच्या गोष्टी आम्हा सगळ्यांना सांगायचे. वर इंग्रज, इंग्रजाच्या मांडीवर निजाम, निजामाच्या मांडीवर देशमुख, आणि सगळ्यांच्या खाली आपण, असं म्हणून ते स्वतःच हसायचे. इंग्रजाची लढाई चालली होती समुद्रापलीकडं, आणि तिची लेव्ही वसूल व्हायची आमच्या कणगीतून. पिको ना पिको, ठरलेली ज्वारी सरकारी कोठारात घालायची. साहेबाचा दौरा आला की गावानं त्याचं सामान वाहायचं, घोड्याला वैरण द्यायची, तंबूला पाणी भरायचं, सगळं फुकट. कुणी एकट्यानं नाही म्हटलं तर त्याचे बैल सोडून न्यायचे. बैल गेले की माणूस गेलाच.

तेव्हा ह्या लोकांच्या ध्यानात आलं की एकट्याचे बैल नेता येतात, गावाचे नेता येत नाहीत. त्यातून संघ निघाला. पण जमायचं कुठं? चार माणसं एका जागी बसायची तर तालुक्याहून परवाना पाहिजे. देवळात बसलं तर पटवाऱ्याचा कान, चावडीत तर चावडीच त्यांची. मग मामंजींनी नाही, गयाबाईनं युक्ती काढली. हे मामंजी कधी सांगत नव्हते, हे तुम्ही सांगितलंत. गयाबाई म्हणजे ओढ्याकडंला तीन एकराचं रान असलेली विधवा, आपल्याच भावकीतली. ती म्हणाली, "माज्या रानात इर्जिक करा. इर्जिकीला कोण परवाना मागतंय?"

आताच्या पोरांना इर्जिक ठाऊक नाही. ट्रॅक्टर आले आणि ती गेली. एखाद्याला बैल नसले, एखादी बाई एकटी असली, की गावातले नांगर एक दिवस तिच्या रानात उतरायचे. कुणी काही घ्यायचं नाही, तिनं फक्त जेवण घालायचं. आणि त्या जेवणाचा नेम असा की त्या दिवशी बांधावर जो कुणी उभा राहील, ओळखीचा असो नाहीतर परका, त्याला जेवल्याबिगर जाऊ द्यायचं नाही. नाहीतर रान फळत नाही, असं मानायचे.

तर पहिल्या डावाला गयाबाईचं रान खरंच नांगरलं. सकाळी नांगर चालले, दुपारी बाभळीखाली माणसं बसली, जेवता जेवता संघ ठरला. लेव्ही घालायला चावडीवर कुणी एकट्यानं जायचं नाही, गेले तर सगळे जातील. कुणाचे बैल नेले तर त्याचं रान बाकीच्यांनी पेरून द्यायचं. आणि मालक असो का सालगडी, जेवायला एका पंगतीत बसायचं. ह्या शेवटच्यावर लई वाद झाला म्हणे. दोघं-तिघं उठून चालले होते. मामंजी म्हणाले, "नांगर धरताना त्याचा हात चालतो, आन ताटाला चालत न्हाई व्हय?" मग बसले. नांगराच्या रुमण्याला हात लावून एकेकानं शपथ घेतली. त्यात मारुतीनंही घेतली. मारुती देशमुखाकडं सालगडी होता. त्याला स्वतःचं एक ढेकूळसुद्धा नव्हतं. बेगार मात्र सगळ्यात जास्त त्याच्याच पाठीवर. तुम्ही त्याला मारुतीदादा म्हणायच्या.

पंधरा दिवसांनी दुसरी इर्जिक झाली. रान आधीच नांगरलेलं, तर नांगर उगं वरवर फिरवले. त्यानंतर तिसरी. तोवर रानात ढेकूळ म्हणून राहिलं नव्हतं, गयाबाई म्हणाली, "आता हितंच भाकरी थापा, परातीचं कामच न्हाई." आक्का, हे सांगताना तुम्ही हसलात. नव्वदीला टेकलेली बाई, पण हसलात ते बारा वर्षांच्या पोरीसारखं. आणि हसता हसताच तुमचं तोंड वाकडं झालं.

तुम्ही तेव्हा बाराच वर्षांच्या होत्या. लग्नाला वर्ष झालेलं, सासरी नुकत्याच आलेल्या, गयाबाईच्या हाताखाली भाकरी थापायला लावलेल्या. त्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन तुम्ही बांधावरून येत होत्या. बांधावर एक माणूस उभा, साधं धोतर, वर कोट, हातात छत्री. तुम्ही त्याला कधी बघितलेलं नव्हतं. माहेरी तुम्हाला शिकवलेलं होतं, इर्जिकीच्या दिवशी बांधावरचा माणूस उपाशी जाऊ देऊ नये. तर तुम्ही म्हणालात, "काका, जेवाया या की."

तो गिरदावर होता. तालुक्याहून नवीन आलेला, लेव्हीचं बघणारा.

आला तो थेट पंगतीत. माणसं बोलत होती ती गप झाली. कुणी त्याला ऊठ म्हणू शकत नव्हतं, इर्जिकीच्या ताटावर बसलेला माणूस. मामंजींच्या हातातला घास हातातच राहिला. तुम्ही त्याला येसराची आमटी वाढलीत, भाकरी वाढलीत. तो म्हणाला, "पोरी, भाकरी चांगली थापतेस." तुम्हाला बरं वाटलं. त्या घरात आल्यापासून तुमच्या भाकरीला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. मग त्यानं सहज विचारलं, "रान एवढं मऊ कसं? कितव्यांदा नांगरताय?"

आणि तुम्ही सांगितलंत, "तिसऱ्यांदा हाय. आमच्या गयाकाकूवर समद्यांची लई माया हाय."

आक्का, तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी धीराचा एक शब्द बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. बाराव्या वर्षी कुणी असंच सांगितलं असतं, मीही सांगितलं असतं, एवढं तरी बोलायला पाहिजे होतं. मी म्हणाले, "अरं देवा." आणि डाळ निवडायला लागले. तुम्ही माझ्याकडं किती वेळ बघत होत्या ते मला कळत होतं. मी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निजामाचे जवान आले. नऊ माणसं धरून नेली. मामंजींच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर कधी वाकली नाहीत, ते आम्ही सगळ्यांनी बघितलं आहे. नातवंडं त्या बोटांना धरून चालायला शिकली. ती बोटं कशानं तशी झाली ते गावाला माहीत आहे, त्याची भाषणं होतात. पण ती बातमी गिरदावराला कुणी दिली, ह्याचं उत्तर गावानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मारुती त्या दुपारी पंगतीत नव्हता. बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर गेलता. आणि कुणीतरी बघितलं होतं की तो ओढ्यात गिरदावराच्या शिपायाशी बोलत बसला होता, चिलीम ओढत. झालं. देशमुखाचं खातो, तो कुणाचा होणार, असं म्हणायला किती वेळ लागतो? नऊ घरांतल्या बायांनी त्याच्या बायकोला पाण्यावर येऊ दिलं नाही. विस्तव दिला नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मारुती, त्याची बायको आणि पाच वर्षांची पोर डोक्यावर बोचकं घेऊन गाव सोडून गेली. तुम्ही दाराच्या फटीतून बघितलंत.

मामंजी सुटून आले ते पोलीस ॲक्शन झाल्यावर, निजाम गेल्यावर. गावानं वाजतगाजत आणलं. गर्दी पांगली तेव्हा तुम्ही त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलंत. आणि आपले मामंजी, ज्यांनी पंगतीसाठी भांडण घेतलं होतं, ते काय म्हणाले? "झालं गेलं. आता गप ऱ्हा. तुला हितं नांदायचं हाय." त्यांनी तुम्हाला वाचवलं, हे मी मान्य करते. पण माणूस जेलातून सुटून आला होता, मारुती कुठं गेला ते शोधून त्याला परत आणू शकला असता. आणलं नाही. मी त्यांच्या पाया पडत आले जन्मभर, अजूनही फोटोला हात जोडते. तरी हे लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

मग ते तीन प्रश्न मला कळले. आधी नाव विचारायचं, मग वाढायचं. वाढणं मात्र तुम्ही सोडलं नाही. दुसरी कुणी असती तर दार लावून घेतलं असतं.

आणि संघ म्हणजे काय असतो ते मला मामंजींच्या भाषणांतून नाही, तुमच्याकडून कळलं. आठवतं का, सिरसाळ्याच्या बाजाराला जायला आपल्याकडं गाडी थांबत नव्हती ती? बाया रोज एकेकट्या ड्रायव्हरशी भांडायच्या, तो दोन शिव्या घालून निघून जायचा. तुम्ही म्हणालात, "भांडू नका. उद्या समद्या या, आन रस्त्यात बसून शेंगा फोडा." मी म्हणाले, "आक्का, हे कसलं आंदोलन?" तुम्ही म्हणालात, "आंदोलन कुठं हाय? शेंगा फोडतोय. ह्याला कुणाचा परवाना लागतोय?" चाळीस बाया रस्त्यावर शेंगा फोडत बसल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. तुम्ही त्याला मूठभर शेंगा दिल्या. आधी नाव विचारून. त्या दिवसापासून गाडी थांबायला लागली, अजून थांबते. मी किती जणींना ही गोष्ट हसत सांगितली. ही अक्कल कुणाच्या रानातून आली होती, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

आता माझं सांगते. ते टाळता येईल तेवढं टाळलं.

दगड बसवायचा दिवस आला, मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याचा. शाळेच्या पटांगणात सगळं गाव. तुम्हाला मान म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं, शेजारी मी. सरपंच म्हणाले, कुणाला बोलायचं आहे का. तुम्ही उठायला लागलात. गुडघ्यांवर हात ठेवून अर्ध्या उठल्या होत्या. मला कळलं तुम्ही काय बोलणार. तेव्हा माझ्या नातीची सोयरीक जुळत आली होती, पाहुणे त्या गर्दीत होते. मी तुमचा पदर धरला आणि खाली ओढलं. हळूच म्हणाले, "आक्का, मामंजींच्या नावाला काळं फासू नका."

तुम्ही बसलात. दगडावरचा कपडा निघाला. नऊ नावं. टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्या.

घरी आल्यावर भांडण झालं. आपलं दोघींचं एवढं भांडण त्याआधी चुलीवरून पण झालं नव्हतं. मी म्हणाले, "पंचाहत्तर वर्सं झाली, आता कुणाला काय पडलंय?" तुम्ही म्हणालात, "मारुतीदादाच्या घरच्यांला पडलं आसंल." मी म्हणाले, "तुमी पोर होता, तुमची चूक न्हाई." तुम्ही म्हणालात, "भाकर वाढली ती माजी चूक न्हाई. गप ऱ्हायले ती हाय. बारा वर्साची व्हते तवर ठीक. पुढं बाराची व्हते का?" मी म्हणाले, "गिरदावरानं संघ फोडला, तुमी न्हाई." तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मला आता झोपेतसुद्धा ऐकू येतं. "गिरदावरानं नऊ माणसं नेली. संघ न्हाई फुटला त्यानं. आपण मारुतीला फितूर म्हणलो, तवा फुटला. एका पंगतीत बसवला, आन पहिला संशय त्याच्यावरच."

 मी म्हणाले, "नातीचं लगीन होऊ द्या, मग बघू."

नातीचं लग्न झालं. मग करोना आला. मग तुमचा खुबा मोडला, अंबाजोगाईला ऑपरेशन झालं. दरवर्षी झेंड्याचा दिवस जवळ आला की तुम्ही माझ्याकडं बघायच्या आणि मी काहीतरी कारण काढायची. तुमचे पाय चालत होते तोवर तुम्ही भांडायच्या. खाटेवर पडल्यावर सांगायला लागलात, "कौसे, मला आष्टीकडं घेऊन चल, मारुतीदादाचं मूळ गाव तिकडं हाय, कुणी तरी आसंल." मी म्हणायची, बऱ्या व्हा. शेवटची दोन वर्षं तुम्ही विषयच काढला नाही. मला वाटलं, विसरल्या. बरं वाटलं मला, आक्का. खरं सांगते, बरं वाटलं.

शेवटच्या दिवशी तुम्हाला चमच्यानं पेज भरवत होते. तुम्ही तोंड मिटून घेतलंत आणि म्हणालात, "तू जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी एकटीच निघाले. सिरसाळ्याहून बीड, बीडहून आष्टी. आता आम्हाला एस.टी. फुकट, सरकारनं म्हाताऱ्यांना तेवढी सूट दिली आहे. आष्टीला दोन दिवस एका भाचीकडं राहून विचारत फिरले. मारुतीची ती पाच वर्षांची पोर, भागाबाई, तिकडंच एका वस्तीवर सापडली. लेक-सून ऊसतोडीच्या मुकादमाकडं बोलणी करायला गेलेले, घरी ती एकटी. ओट्यावर बसून मटकी पाखडत होती. मी कोण ते सांगितलं, गावाचं नाव सांगितलं. गावाचं नाव ऐकल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

मी सगळं सांगितलं. तिसरी इर्जिक, बांधावरचा माणूस, बारा वर्षांची तुम्ही. सांगताना रडले. ती नाही रडली. शेवटी म्हणाली, "बापाला ठावं व्हतं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"बाप वढ्यात व्हता ना. तिथनं त्यानं बगितलं, पोरगी त्या गिरदावराला बोलवायलीय. हाळी दिली त्यानं, तिला ऐकू न्हाई गेली. शिपाई मागनं येत व्हता, त्याला तरी वर जाऊ देऊ नये म्हणून चिलमीला बसवला. त्येच कुणीतरी बगितलं."

"मग सांगितलं का न्हाई त्यांनी?" मी म्हणाले.

"मी बी इचारलं. माजी दोन डाव सोयरीक मोडली, तिकडनं सांगावा यायचा, फितुराची पोर हाय म्हणून. मी बापाला म्हणलं, सांग की एकदा खरं. तर म्हणायचा, ती बारा वर्साची पोर, तिला त्याच घरात नांदायचं हाय. मी काय, कुठंबी साल धरीन."

आक्का, मामंजींनी तुम्हाला हेच सांगितलं होतं, जवळजवळ ह्याच शब्दांत. एकानं घरात बसून सांगितलं आणि एकानं घर सोडून. हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. तुमचे पाय चालत होते तेव्हा मी तुम्हाला तिकडं नेलं असतं, तर तुम्ही तिच्या तोंडून ऐकलं असतं की तो तुमच्यावर रागावला नव्हता. एका एस.टी.चं अंतर होतं. मी आठ वर्षं लावली.

मी भागाबाईचे पाय धरायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "बाप चांगला व्हता. त्यानं माफ केलं आसंल. मला इचारशील तर मी न्हाई केलं. पोळ्याच्या आदल्या दिशी चालवत आणलं मला, पायाला फोड. तुमी आता कावून आलात? तुमचं हलकं व्हावं म्हणून?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार, खरं तेच होतं.

तिनं सूप परत पुढं ओढलं. मग विचारलं, "कशी व्हती ती? म्हातारपणी?"

"दारात आलेल्याला जेवू घालायची," मी म्हणाले. "पण आधी नाव इचारायची."

भागाबाई जराशी हसली. एवढ्या वेळात पहिल्यांदा. उठून आत गेली, चहा ठेवला. चहा देताना म्हणाली, "हितं सांगून काय उपेग? हितं समद्यांला ठावं हाय माजा बाप कसा व्हता. तिकडं सांग जा."

तर आक्का, उद्या झेंड्याचा दिवस आहे. सरपंचांनी मला मामंजींवर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे, दरवर्षीसारखं. आज सकाळी तुमच्या भास्करला मी सगळं सांगितलं. त्याच्या आज्याचं, त्याच्या आईचं. तो ऐकून घेत होता, मग म्हणाला, "काकू, आता हे उकरून काय मिळणार? लोकं काय म्हणतील?" माझंच बोलणं, त्याच्या तोंडून. मी त्याला म्हणाले, "तुझी आई हे बोलायला उठली होती." तो उठून शेतात गेला, अजून आला नाही. उद्या येईल की नाही, सांगता येत नाही. दगडावर दहावं नाव घालतील का, तेही नाही सांगता येत. मी मागणार आहे.

ही वही तुमची आहे, ह्यातलं सगळं काही मी लोकांपुढं वाचणार नाही. तुमचं हसणं, ती डाळ, भागाबाईचा चहा, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या. उद्यासाठी वेगळा कागद केला आहे, त्यावर एवढंच लिहिलं आहे:

मारुती कुणाला फितूर झाला नव्हता. गिरदावराला जेवायला आमच्या थोरल्या जाऊबाईंनी बोलावलं, तेव्हा त्या बारा वर्षांच्या होत्या आणि तो कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. हे मारुतीला माहीत होतं, तरी एका पोरीसाठी त्यानं गाव सोडलं. हे आमच्या घराला माहीत होतं, तरी आमचं घर गप्प बसलं. आठ वर्षांमागं ह्याच पटांगणात आक्का हे सांगायला उठल्या होत्या. त्यांना मी खाली बसवलं.